पुढच्या साथीत पीएचसीने आधी काय सोडून द्यावं

प्रश्न एका तरुण डॉक्टरचा आहे. बंधपत्रित सेवेसाठी ती गडचिरोली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) नुकतीच रुजू झाली आहे. विचारते: साथरोगांचं पुस्तक उघडलं की लॅब, आयसीयू, व्हेंटिलेटर. माझ्याकडे सहा खाटा, लस ठेवायचा एक फ्रीज (आयएलआर) आणि पावसाळ्यात वाहून जाणारा रस्ता. कोविडसारखं पुन्हा काही आलं तर पहिल्या महिन्यात मी नेमकं काय करू? आणि आपल्यासारख्या किंवा आपल्याहून गरीब देशांनी जे केलं, त्यातलं काही इथे चालेल का?

मी गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांत मिळून २७ वर्षं नोकरी केली, शेवटची सहा तालुका आरोग्य अधिकारी म्हणून. कोविडच्या पहिल्या दोन्ही लाटा त्याच खुर्चीत आल्या. काय करायचं याची यादी तुम्हाला वरून मिळेलच. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर पीडीएफ येईल, सकाळी आठला तिची दुरुस्ती येईल. यादी करणारे मूर्ख नसतात, पण तुमच्याकडे एमपीडब्ल्यू, म्हणजे गावोगाव फिरणारे आरोग्यसेवक, किती आणि त्यातल्या कुणाची मोटारसायकल बंद पडली आहे हे त्यांना ठाऊक नसतं. म्हणून मी उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी काय करायचं नाही ते ठरवा. मोठ्या शहरात एखादं काम फुकट गेलं तर पैसे जातात. तुमच्याकडे सिस्टरचा एक दिवस फुकट गेला, तर त्या दिवशी जी दम लागलेली म्हातारी तपासायची होती ती राहून जाते.

एप्रिल २०२० मध्ये आमच्या तालुक्यात एकही रुग्ण नव्हता, फवारणी मात्र जोरात होती. धानावर औषध मारायचे पाठीवरचे पंप काढून सोडियम हायपोक्लोराइट रस्त्यावर, देवळावर, हापशीवर आणि तेलंगणातून मिरची तोडून परतणाऱ्या मजुरांच्या अंगावर मारलं जात होतं. माणसांवर फवारू नका, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याच महिन्यात बजावलं. रस्त्यांवर फवारून उपयोग नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे महिन्यात सांगितलं. तरी पंप चालूच. सरपंचालाही गावाला काहीतरी केल्याचं दाखवावं लागतं, आणि पांढरे फवारे लांबून दिसतात. अंगावर मारणं मी पोलीस पाटलांना सांगून बंद करवलं. बाकीच्यावर दोन बैठका घालवल्या आणि नाद सोडला. ग्रामपंचायतीच्या पैशाने ग्रामपंचायत फवारते तर फवारो, माझा माणूस त्यात जाणार नाही, एवढं पाळलं.

दुसरी चूक माझी स्वतःची. तालुक्याच्या वेशीवरच्या नाक्यावर मी दोन एमपीडब्ल्यू थर्मल गन देऊन बसवले, पाळीपाळीने, जवळजवळ महिनाभर. मे महिन्यातली आपल्याकडची दुपार तुम्ही अजून बघायची आहे. पारा पंचेचाळीसच्या पुढे. मोटारसायकलवरून आलेल्या प्रत्येकाचं कपाळ ताप दाखवतं. मग त्याला पळसाच्या सावलीत पंधरा मिनिटं बसवायचं, पाणी पाजायचं, पुन्हा मोजायचं, की नॉर्मल. ज्यांना लागण होती त्यांतल्या कित्येकांना ताप नव्हताच, ते आरामात आत आले. त्या महिन्याभरात त्या दोघांच्या गावांत मलेरियाच्या रक्तनमुन्यांचं काम मागे पडलं आणि पावसाळा तोंडावर आला. गडचिरोलीत हे परवडत नाही.

आता करायचं काय, तर श्वास मोजायचे.

हे काही नवीन नाही आणि परदेशातूनही आलेलं नाही. गडचिरोलीतच, ‘सर्च’ या संस्थेत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मुलांच्या न्यूमोनियावर काम केलं. गावातल्या कार्यकर्त्यांना श्वास मोजायला आणि अँटिबायोटिक द्यायला शिकवलं, आणि बालमृत्यू खाली आले. तो अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ज्या सुईणींना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं यंत्र केलं होतं. आज गावोगावच्या आशा नवजात बाळांच्या घरी भेटी देतात, त्या कामाची मुळंही इथेच आहेत. म्हणजे छातीकडे बघून मिनिटभर गप्प बसायचं हे कौशल्य तुमच्या आशांच्या हातात आधीपासून आहे. साथ आली की ते मोठ्यांवर वापरायचं.

कोविडमध्ये मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला २४ किंवा त्याहून जास्त झाला की मध्यम आजार, ३०च्या वर गेला की गंभीर. ऑक्सिमीटरवर ९४च्या खाली आलं की हलवायची तयारी, ९०च्या खाली गेलं की तातडी. ऑक्सिमीटर मिळाला तर उत्तमच, पण त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो, हे अमेरिकेतल्या रुग्णांवर २०२० मध्येच दिसून आलं होतं. आपल्याकडे त्यात रोवण्याच्या दिवसांत चिखलाने भरलेली नखं, मेंदी, गार पडलेली बोटं यांची भर. बोट धुऊन, चोळून गरम करून, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. आकडा ९६ आणि माणूस वाक्य पुरं करू शकत नाही, असं असेल तर माणसाचं खरं धरा. सहा मिनिटं अंगणात चालवून पुन्हा मोजायची पद्धतही चांगली होती. बसल्या जागी ९५ असलेला माणूस चालून आल्यावर ९१ वर आलेला मी पाहिला आहे. तो म्हणत होता, मला काहीच नाही.

२०२० मध्ये सुरुवातीला आमचे स्वॅब नागपूरला जायचे. रिपोर्ट यायला चार-चार, सहा-सहा दिवस. तोवर ज्याला व्हायचं त्याला होऊन गेलेलं असायचं. नंतर अँटिजेन किट आले, पंधरा मिनिटांत उत्तर, पण निगेटिव्ह आलं आणि लक्षणं आहेत तर त्या उत्तराचा भरवसा नाही. माझा नियम असा झाला की रिपोर्ट कागदासाठी, निर्णय लक्षणांवर. खोकला-ताप आहे तो वेगळा राहील, दम आहे तो हलेल. आणि जुलै-ऑगस्टमधला ताप असेल तर मलेरियाची झटपट चाचणी (आरडीटी) केल्याशिवाय पुढे जायचं नाही. एका मुलाला तीन दिवस कोविड संशयित म्हणून शाळेत ठेवलं होतं, निघाला फाल्सिपेरम, मलेरियाचा जीवघेणा प्रकार. वाचला, पण आमच्या हुशारीमुळे वाचला असं म्हणता येणार नाही.

ऑक्सिजनबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे माणसं गणित न केल्यामुळे मेली.

मोठा सिलेंडर, ज्याला सगळे जंबो म्हणतात, त्यात साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर लावलेत तर ७०० मिनिटं, म्हणजे बारा तासही नाही. नाकातल्या नळीवर (नेझल प्रॉंग्ज) २ लिटरने भागत असेल तर तोच सिलेंडर दोन दिवसांच्या वर जातो. ॲम्ब्युलन्समधला छोटा बी-टाइप साधारण १,५०० लिटरचा. ५ लिटरने पाच तास, १० लिटरने अडीच. भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की वाटेत किती वेळ जाईल ते देवच जाणे. रुग्ण गाडीत घालण्याआधी हा हिशेब कागदावर झाला पाहिजे. सिलेंडरवरचा काटा १५०च्या आसपास असेल तर भरलेला, ७५ असेल तर अर्धा, म्हणजे वेळही अर्धी. आणि नव्वदीच्या वर गेलेल्या रुग्णाला शंभर करण्याच्या नादात १० लिटर सोडून ठेवू नका. ९२ ते ९५वर तो बरा आहे. वाचलेले लिटर शेजारच्या खाटेचे आहेत. जाग्या रुग्णाला पालथं झोपवलं तर बरेचदा आकडा दोन-चारने वर येतो, त्याला एक रुपया लागत नाही. लागतो तो पालथं झोपवून ठेवणारा नातेवाईक.

हवेतून ऑक्सिजन काढणारे कॉन्सन्ट्रेटर आले तेव्हा आम्ही हरखलो. ५ लिटरचं यंत्र, सिलेंडरची कटकट नाही. पण त्याला वीज लागते, नुसती वीज असून भागत नाही, व्होल्टेज लागतं. रात्री गावात कृषिपंप सुरू झाले की आमच्या वॉर्डातला बल्ब पिवळा पडायचा आणि यंत्र टिटवीसारखं ओरडायला लागायचं. शेवटी स्टॅबिलायझर आणले. जाळी दर आठवड्याला धुवायची, हेही आम्हाला एक यंत्र बंद पडल्यावर कळलं. कॉन्सन्ट्रेटर लावलेल्या खाटेशेजारी भरलेला सिलेंडर उभा असलाच पाहिजे.

औषधाचं सांगतो. जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीचा निकाल आला: डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, ६ मिलिग्रॅम, दहा दिवस. ऑक्सिजन लागणाऱ्यांचे मृत्यू सुमारे पाचव्या हिश्शाने कमी, व्हेंटिलेटरवरच्यांचे तिसऱ्या हिश्शाने. हे इंजेक्शन अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणासाठी तुमच्या लेबर रूमच्या ट्रेमध्ये असतंच. गरीब देशांसाठी या साथीतली सर्वांत मोठी बातमी हीच होती. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा फायदा नाही, झाला तर अपाय. आणि नेमकं तेच घडलं: गावागावात पहिल्या दिवसापासून स्टेरॉइडच्या गोळ्या वाटल्या गेल्या, साखर न तपासता. २०२१च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) रुग्ण यायला लागले ते उगाच नाही.

उलट बाजूला रेमडेसिविर, विषाणूवरचं इंजेक्शन. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच, तेव्हा हाती असलेल्या पुराव्यावरून, ते वापरू नका असा सल्ला दिला होता. एप्रिल २०२१ मध्ये मात्र आपल्याकडे सहा कुप्यांसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने बैलजोडी विकली. कुप्या आल्या तेव्हा रुग्ण तीन तास आधी गेला होता. त्याला ऑक्सिजन अठरा तास उशिरा लागला होता, कारण घरचे आधी इंजेक्शन शोधत होते आणि आम्ही, तुमचे वरिष्ठ, तेच चिठ्ठीवर लिहून देत होतो. ‘शहरात देतात ते आपणही द्यायला हवं’ या दडपणाने आमच्या हातून हे झालं.

विलगीकरणाबद्दल पुस्तकात चौदा दिवस लिहिलेले असतात. त्या चौदा दिवसांत मोहफूल पडत असेल किंवा विडीचा तेंदूपत्ता आला असेल तर काय, हे लिहिलेलं नसतं. मे महिन्यात सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेले की जो पैसा येतो, त्यावर पेरणीचं बियाणं येतं. त्या दिवसांत माणूस शाळेच्या खोलीत बसत नाही, पोलीस बसवले तरी रात्री खिडकीतून जातो. आमच्याकडे जे टिकलं ते लोकांनीच काढलेलं. परतलेल्या मजुराला गावाबाहेर वावरातल्या मांडवात ठेवायचं, जेवण बांधावर ठेवून घरच्यांनी मागे सरायचं, आणि त्याच्या वाटची पानं भावकीने तोडायची. प्लेगच्या दिवसांत गाव सोडून वावरात राहायला जायची रीत जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून आहे. १९१८च्या तापाला आपल्याकडे मानमोडी म्हणायचे. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक मृत्यू झालेल्या भागांपैकी होता. हे शहाणपण तेव्हाचं आहे, त्याला शासकीय नाव द्यायच्या भानगडीत न पडता रेशन आणि पाण्याचा ड्रम तेवढा पोचवावा. वेगळा ठेवलेल्या माणसाच्या चुलीची सोय कोण करणार, हे आधी ठरलं नाही तर बाकीचं सगळं फोल.

आता दुसऱ्या देशांचं. २०१४ ते २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाने ११,००० हून अधिक माणसं गेली. लायबेरियाने राजधानीत मृतदेह जाळायची सक्ती केली. दफन करणारा समाज. लोकांनी मृत्यूच लपवायला सुरुवात केली, आणि लपवलेल्या प्रेतांतून आजार पसरत राहिला. पुढे घरच्यांना लांबून का होईना प्रार्थना करू देणारं, सुरक्षित पण मानाचं दफन सुरू झालं तेव्हा लोक कळवायला लागले. आपल्याकडे पुण्यात १८९७ साली रँडच्या सोजिरांनी प्लेगसाठी घरं तपासली त्याची आठवण कुणाला द्यायला नको. कोविडमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर जाळलेला बाप मुलाला दिसला नाही, की पुढच्या घरातला तापाचा रुग्ण आशापासून लपतो. आम्ही नंतर दोन माणसांना, दहा फुटांवरून, चेहरा बघू द्यायला लागलो. त्याने कुणी आजारी पडलं नाही.

मलावीने मे २०२१ मध्ये कोविड लसीचे १९,६१० डोस जाहीरपणे जाळले. मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना मिळालेली लस, आणि लोकांच्या मनात धास्ती की आपल्याला शिळी सुई देतात. म्हणून सरकारने सगळ्यांसमोर जाळून दाखवली. टीका झाली, मला तो निर्णय पटतो. थायलंडकडे दहा लाखांहून अधिक गाव-स्वयंसेवक होते, दशकानुदशकं जोपासलेले, ते पहिल्या आठवड्यात दारोदार गेले. आपल्याकडेही आशा तितक्याच आहेत. फरक एवढाच की त्यांना कोविडच्या कामाचे केंद्राकडून महिन्याला १,००० रुपये होते, आणि जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या आशांना संपावर जावं लागलं. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. आमच्या एका आशाताईंना मी ते सांगितलं तर म्हणाल्या, “सर, बरसाती भेटली असती त आणखी बरं झालं असतं.”

लसीकडे येतो, कारण तिथे मी सर्वांत जास्त शिकलो. माडिया आदिवासींच्या एका टोल्यावर (पाड्यावर) आम्ही दोनदा गेलो, दोन्ही वेळा घरं रिकामी, माणसं जंगलात. तिसऱ्यांदा एक म्हातारा ओसरीवर बसून राहिला होता, मुद्दाम. त्याने विचारलं, “साप चावला त सुई नाई राहे तुमच्यापाशी. आता न मांगता घरी आणून देता. काहून जी?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधीच्या पावसाळ्यात त्याच्या पुतणीला नाग चावला होता आणि ज्या केंद्रात नेलं तिथे सर्पदंशाची लस संपलेली होती. अफवा मोबाइलवरून आल्या हे खरं, पण त्या रुजल्या अशा जमिनीत. आम्ही त्या दिवशी कुणालाही टोचलं नाही. ब्लडप्रेशर बघितलं, मलेरियाची तपासणी केली, खरजेचं मलम दिलं आणि परतलो. सर्पदंशाच्या लसीच्या कुप्या उपकेंद्रापासून जवळच्या केंद्रात ठेवून घेतल्या, त्या म्हाताऱ्याला नेऊन दाखवल्या. महिनाभराने माडियात बोलणाऱ्या आशाने निरोप दिला की या. सिस्टरने आधी मला सगळ्यांसमोर टोचलं, मी दुसऱ्या डोसला पात्र होतोच.

कोविशिल्डची कुपी दहा डोसांची, उघडल्यापासून चार तासांत संपवायची. सहा माणसं आली आहेत, सातवं येणार नाही, आठ किलोमीटर चालून आलेली आहेत. उघडायची का? वाया गेलेल्या डोसांचा अहवाल वर जातो, विचारणा होते. माझं मत सरळ आहे: उघडा. चार डोस वाया गेल्याचं उत्तर देता येतं, परत पाठवलेली सहा माणसं पुन्हा येत नाहीत. लसीकरणाच्या कोविन पोर्टलसाठी नेटवर्क नव्हतं तिथे आम्ही वहीत नोंदी घेऊन रात्री तालुक्याला चढवल्या. मे २०२१ मध्ये ऑनलाइन स्लॉट होते तेव्हा शहरातल्या गाड्या आमच्या केंद्रासमोर उभ्या असायच्या आणि गावकरी झाडाखाली बसून बघायचे. ज्याने ती पद्धत आखली त्याला गावात फोनला रेंज शोधायला कुठल्या टेकडीवर जावं लागतं हे विचारायला हवं होतं.

रोजची कामं थांबवू नका. लसीकरणाचा बुधवार, गरोदर मातांची तपासणी, टीबीच्या गोळ्या, सिकलसेलच्या रुग्णांचं औषध. देशात २०१९ मध्ये टीबीचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये १८ लाख. ते सहा लाख बरे झाले नव्हते, आपण त्यांच्यापर्यंत गेलो नव्हतो. पश्चिम आफ्रिकेतही इबोलाच्या काळात मलेरिया आणि बाळंतपणातले मृत्यू असेच वाढले होते.

साथ आली आहे की नाही हे कळायला लॅबची वाट बघावी लागत नाही. कोतवाल आणि पोलीस पाटील यांना दर सोमवारी एक फोन: गेल्या आठवड्यात गावात किती मयती झाल्या? एरवी महिन्याला एखादी होणाऱ्या गावात आठवड्यात तीन झाल्या तर गाडी काढायची. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत दुसरी लाट सुरू झाली तेव्हा आमच्याकडे कागदावर सगळं शांत होतं, पण दोन गावांच्या पोलीस पाटलांनी आधीच सांगितलं होतं. त्यातल्या एकाकडे मी चार दिवस उशिरा गेलो.

तुम्ही शेवटी व्हेंटिलेटर मागू का असं विचारलं आहे. तो चालवायला रात्रंदिवस माणसं लागतात, ती तुमच्याकडे नाहीत. एका ग्रामीण रुग्णालयात आलेला व्हेंटिलेटर मी वर्षभर खोक्यातच पाहिला, त्यावर ओपीडीचं रजिस्टर ठेवलेलं असायचं. त्याऐवजी दोन जंबो, दोन फ्लोमीटर, दहा ऑक्सिमीटर आणि गाडीच्या डिझेलचे पैसे मागा. एका रात्री आमच्याकडे भरलेला सिलेंडर होता, रुग्ण होता, सिस्टर होती, आणि सिलेंडर उघडायचा पान्हा सापडत नव्हता. वीस मिनिटं. तो स्टोअरच्या कुलपात होता आणि चावी फार्मासिस्टच्या घरी. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक सिलेंडरच्या मानेला पान्हा सुतळीने बांधलेला असतो. उद्या राऊंडला गेलात की तुमच्याकडचा कुठे आहे ते बघा.